शनिवारी दवाखाना बंद

पनवेलच्या त्या धर्मादाय दवाखान्यात मी एकटीच डॉक्टर होते. राहायची खोली मागच्याच बाजूला, त्यामुळे मी कायम मोकळीच असते असं सगळ्यांनी धरून चाललेलं. नेऱ्याहून मूल कडेवर घेऊन चालत आलेल्या बाईने अवेळी दार वाजवलं तर मला काही वाटत नसे. पण दवाखाना चालवणाऱ्या कमिटीतल्या कुणाच्या नातवाला शिंक आली की गडी बोलवायला यायचा, आणि बाकावरची माणसं तशीच सोडून मला जावं लागायचं. पुढेपुढे सकाळी दवाखान्याचं दार उघडणंच नकोसं झालं.

त्याच सुमारास आमच्या बेने इस्रायली ज्यू घरांतून एकेक कुटुंब इस्रायलला निघालं होतं. धाकटा भाऊ म्हणाला, "तूही चल. तिकडे डॉक्टर हवेत."

मी त्याला सांगितलं, वैताग आलाय तो या असल्या नोकरीचा, पनवेलचा नाही. बोलून गेले आणि माझं मलाच ते उमगलं.

समोरच्या गल्लीत एक खाजगी डॉक्टर होते. त्यांनाही कधी सुट्टी नसायची. शनिवार हा आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, तेव्हा माझे शनिवारचे पेशंट तुम्ही बघा, तुमचे रविवारचे मी बघते, असं मी सुचवलं. त्यांची बायको आतून ऐकत होती. नवऱ्याच्या आधी तीच हो म्हणाली.

मग मी कमिटीच्या अध्यक्षांकडे गेले. शनिवारी येणार नाही, आणि साध्या दुखण्याला कुणाच्या घरीही जाणार नाही, असं सांगितलं. ते हसले. "बाई, डॉक्टरला कसली सुट्टी? जमत नसेल तर राजीनामा द्या."

"राजीनामा मी देणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही मला काढा. आणि का काढलं ते दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या लोकांना तुम्हीच सांगा."

त्यांनी काढलं नाही. पहिल्याच शनिवारी त्यांचा गडी आला, नातवाला पडसं झालं म्हणून. अडलेली बाळंतीण असती तर मी भरल्या ताटावरून उठले असते. त्याला समोरच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि शांतपणे जेवले.

अध्यक्ष त्यानंतर रस्त्यात दिसले की मान फिरवायचे. त्यांची सून मात्र मुलाला घेऊन येऊ लागली. बाकावर नंबर लावून बसायची. एकदा मी तिला आधी आत बोलावलं, तर म्हणाली, "राहू दे, डॉक्टर. तेवढाच वेळ घराबाहेर मिळतो."