चुन्याचा हौद

जुन्या भिंतीसमोर उभं राहून आपण सगळेच फोटो काढतो. पण तिची चव कधी घेतली आहे का तुम्ही?

आमच्या मोहल्ल्यातले चाचा घेत. चंद्रपूरच्या परकोटाला, शहराभोवतीच्या जुन्या तटाला, लागूनच त्यांचं घर. बापआज्यापासून चुन्याचं काम करणारे गवंडी. दगडांच्या सांध्यातून गळलेला चुन्याचा खपला उचलायचा, बोटांनी चुरायचा, चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटायचे.

"बेलफळ कालवलं हाये याच्यात. गूळ बी हाये, पर कमी."

"गोंडराजांच्या काळातला गूळ अजून लागतो तुम्हाला?"

"तुले नाई लागनार. तुही जीभ भाषनातच घासली."

खोटं नव्हतं ते. तेव्हा मी 'परकोट वाचवा'ची पत्रकं काढत होतो. आम्ही खळ शिजवली आणि ती पत्रकं परकोटालाच चिकटवली. सकाळी चाचा ओल्या फडक्यानं एकेक सोडवत होते.

"काऊन गा लीडर, ज्याले वाचवून राह्यला त्याच्याच तोंडावर कागद मारतेस?"

उरलेली पत्रकं आम्ही त्यांच्यासोबत काढली.

मग आम्ही जिंकलो. डागडुजी मंजूर झाली. दुसऱ्याच दिवशी चाचांनी अंगणातल्या हौदात चुना भिजत घातला, परकोटासाठी. वर कायम वीतभर पाणी. जितका जुना, तितका चुना चांगला. बल्लारपूरला लग्नाला गेले तरी जेवून लगेच परत, चुन्याचं पाणी पाहायला.

चाची म्हणायच्या, "मले ताप आला तं कोनी असं धावत येत नाई."

"तू सुकत नाईस ना," चाचा म्हणायचे.

वर्षभरानं ठेकेदार आला, सिमेंट घेऊन. चाचा बादलीभर चुना घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले. "लोन्यावानी झाला हाये. हात तं लावून पाहा."

त्यानं हात लावला नाही. "मंजुरीत सिमेंट आहे चाचा."

"भिंत श्वास घेते, साहेब. सिमेंटनं तिचं नाक बंद होते. पानी आतच राह्यते, मंग दगड फोडून निंगते."

"तुम्हाला पाहिजे तर मजुरीवर या. माल कालवायला."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. काम अडलं तर मंजुरी परत जाईल, आता हट्ट नको, असं मी त्यांना समजावलं. चळवळीत कमावलेली सगळी भाषा मी त्या दिवशी एका म्हाताऱ्याला गप्प करायला वापरली. उद्घाटनाच्या फोटोत मी आहे. चाचा नाहीत.

दोन पावसाळ्यांत सिमेंटमागचे दगड पापुद्रे सोडू लागले. मी चाचांना दाखवायला नेलं. त्यांनी खाली वाकून काहीच उचललं नाही. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. हौद अजून ओला आहे. चाची रोज त्यात पाणी घालतात, आणि त्यांचे गुडघे धरले की मी घालतो.

तुमच्या गावात चुन्यातलं जुनं घर असेल, विहीर असेल, देऊळ किंवा मशीद असेल आणि ती उलत असेल, तर सिमेंटची गोणी उघडू नका. आधी परकोटापाशी या. चुनावाल्या चाचांचं घर कुणीही दाखवेल. चुना तयार आहे. येताना झाकणाची बादली आणा.