मऊ भाताचं तिसरं पान

आधीच सांगते, मला भुताखेतांच्या गोष्टी ऐकवत नाहीत. दादरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. कुणाच्या अंगात आलं की माझं पहिलं वाक्य असतं, "पाणी द्या तिला, बीपी बघा आधी." त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही... म्हणजे येईल, पण समजून घेईन.

लालबागला आमची चाळ पाडून टॉवर झाला. तिथे माझा धाकटा भाऊ नितीन राहतो, शेजारच्या विंगेत मी. नितीन जहाजावर असतो, निम्मं वर्ष बाहेर. त्याची बायको रूपाली गिरगावची. गुणी पोरगी, पण पोटातलं ओठावर येईल तर शपथ!

लग्नानंतर दोनेक वर्षांनी तिच्याकडे गोड बातमी आली आणि माझ्या जिवाला घोर लागला. कारण तिचा रक्तगट निगेटिव्ह, नितीनचा पॉझिटिव्ह. बाळ बापावर गेलं तर त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, आईचं शरीर त्याला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडीज तयार करून ठेवतं. पहिलं बाळ बहुतेक सुटतं. मार बसतो तो पुढच्याला. म्हणून वेळेवर एक इंजेक्शन द्यायचं असतं. डॉक्टरांनी विचारलं, "हे पहिलंच ना?" शेजारी बसलेल्या रूपालीच्या आईनेच उत्तर दिलं, "हो, पहिलंच." सुरुवातीची अँटीबॉडीची टेस्टही चांगली आली. पुढची टेस्ट आणि इंजेक्शन सातव्या महिन्यात. तेव्हा रूपालीचं सुरू झालं — "ताई, डोहाळेजेवण होऊ दे ना, मग जाऊ." मी चिडले, पण ऐकतंय कोण!

आम्ही मालवणकडचे. घरात कुठलंही शुभकार्य असलं की गेलेल्यांची पानं आधी वाढायची. त्याला आम्ही वाडी म्हणतो. माझा विश्वास नाही, पण आई गेल्यापासून ते माझ्याकडे आलंय आणि मी ते मुकाट्याने करते. डोहाळेजेवणाच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात खिडकीखाली मी दोन पानं वाढली — एक आईचं, एक बाबांचं. मसालेभात, काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, खीर. ओट्याकडे वळून मी कोथिंबीर चिरली असेल, बस्स. मागे वळून बघते तर पानं तीन!

तिसरं होतं ते केळीच्या पानाचं नुसतं टोक, तळहाताएवढं. त्यावर मूठभर मऊ भात आणि मधोमध तूप. बाळाला पहिल्यांदा भरवतात ना, अगदी तसा. आणि ऐका, त्या दिवशी घरात मऊ भात शिजलाच नव्हता. मी बोट लावून बघितलं. कोमट होता.

माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकघराच्या दारात आमची काकी खुर्ची टाकून बसली होती. तिला ओलांडल्याशिवाय आत यायला वाटच नाही. म्हटलं, "काकी, हा काय चावटपणा? कोण आलेलं आत?"

"माका काय इचारतंस गो? मी हयसून हल्लंय सुद्धा नाय!"

बाहेर रूपाली फुलांच्या झोपाळ्यावर, हिरव्या साडीत, बायकांच्या गराड्यात. माझा चढलेला आवाज ऐकून ती पोट सांभाळत आत आली. तिने ते छोटं पान बघितलं... आणि पानाशीच खाली बसली.

"ताई, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

  मी काकीला दार लावायला लावलं, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. लग्नानंतर लगेचच तिला दिवस गेले होते. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत, म्हणून नितीनलाही नाही सांगितलं. तो तेव्हा जहाजावर. तिसरा महिना लागला आणि माहेरीच सगळं वाहून गेलं. आई म्हणाली, "झालं ते झालं. सासरी बोलू नकोस, उगाच डोळ्यावर येशील." डॉक्टर नाही, काही नाही. म्हणजे गर्भपातानंतरही लागतं ते इंजेक्शनही नाही!

 म्हणजे हे पहिलं नव्हतंच. आतापर्यंत ज्याला सुरक्षित समजत होतो ते दुसरं होतं.

"बाळ हलतंय का गं नीट?"

"काल थोडं कमी वाटलं... म्हटलं दगदगीने असेल."

ओटी तशीच राहिली, टॅक्सी केली, परळचं हॉस्पिटल गाठलं. रस्ताभर ती पोटावर हात ठेवून "हल ना रे, हल ना" म्हणत होती. मी वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी बाई, नुसती तिची पाठ चोळत राहिले. रक्ताची टेस्ट वाईट आली; सुरुवातीला अँटीबॉडीज इतक्या कमी होत्या की त्या टेस्टमध्ये दिसल्याच नव्हत्या. बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग बघणारी सोनोग्राफी, केला, तोही वाईट. डॉक्टर म्हणाल्या, बाळाचं रक्त खूप कमी झालंय, अजून थांबला असतात तर हाती काही लागलं नसतं. मग पोटातच, नाळेतून, बाळाला रक्त दिलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा द्यावं लागलं. प्रत्येक वेळी आम्ही बाहेर जीव मुठीत धरून बसायचो. मुलगी लवकर जन्मली, काविळीने पिवळीधमक. निळ्या दिव्याखाली ठेवली. पण जगली हो!

आता तुम्ही विचाराल, पान कोणी ठेवलं? मीही सगळ्यांची उलटतपासणी घेतली. ती गोष्ट माहीत असणाऱ्या दोघीच. रूपाली तोवर झोपाळ्यावरून उठली नव्हती आणि तिची आई तेव्हा चिंचपोकळीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकली होती. काकी देवाशप्पथ म्हणते, आत कुणी गेलं नाही.  मी शोधून दमले.

परवा मुलीचं उष्टावण झालं. सकाळी मी मऊ भात लावला. आई-बाबांची पानं वाढली, मग केळीच्या पानाचं टोक स्वतःच्या हाताने कापलं. रूपालीने वर तूप सोडलं. नितीन घरी होता. आता त्याला सगळं माहीत आहे. तोही पानाशी येऊन बसला. मी हात जोडले आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"आधी तू जेव रे राजा. मग आम्ही तिला भरवतो."