सातपुड्याच्या नावाचा भुंगेरा

हिंमतराव मूळचे उंद्रीचे. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेले तेच पहिले. एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमारास ते जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले, आणि गाव हळूहळू त्यांच्या बोलण्यातून गेलं. गावी आले तरी धोतर नाही, वऱ्हाडी नाही.

एका उन्हाळ्यात आई, मंजुळाबाई, वावरात खत न्यायला उकिरडा उपसत होती. फावड्याखालून एक काळा किडा पळाला. तांदळाच्या दाण्याहून थोडा लांब, पाठीवरची कवचं इतकी आखूड की निम्मं पोट उघडं. हात लावताच त्यानं विंचवासारखं शेपूट उचललं. हिंमतरावांनी पाच-सहा किडे धरून बाटलीत टाकले. पुढं पावसाळाभर ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. मानेवरचा तांबूस पट्टा, पायांवरचे केस, कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी जुळेनात. जात नवी होती.

वर्णन लिहिताना किडा कुठं सापडला तेही लिहावं लागतं. तिथं त्यांचा हात अडला. आईचा उकिरडा? त्यांनी लिहिलं, ‘संग्रामपूरजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या कुजक्या पाल्यात.’ आणि जातीला नावही सातपुड्याचंच दिलं.

वर्णन छापून आलं. कॉलेजानं सत्कार ठेवला. मंजुळाबाई नवं लुगडं नेसून आली. टेबलावरच्या काचेच्या डबीत वाकून पाहिलं आणि सगळ्यांदेखत हरखून म्हणाली, “अगं माय! हा तं आपल्या उकिरड्यातला किडा होय न रे, बापू?”

“नाही आई, हा वेगळा आहे. जंगलातला,” हिंमतराव म्हणाले.

तिनं एकदा मुलाकडं पाहिलं. “असंन बापा. मले काय समजते,” म्हणून ती मागच्या खुर्चीत जाऊन बसली.

दोन वर्षांनी पुण्याहून डॉ. दांडेकर तो किडा शोधत आले. साठी उलटलेली, जन्म भुंगेऱ्यांत गेलेला. आधी संग्रामपूरला जाऊन, ओढे पालथे घालून, मग कॉलेजात आले. हात काट्यांनी ओरबाडलेले, बाटल्या रिकाम्या.

“माझीच नजर आता कमी पडते बहुतेक,” ते म्हणाले.

हिंमतरावांना ते ऐकवेना. “सर, तो तिथला नाहीच. मी खोटं लिहिलं. आमच्या घरच्या उकिरड्यातला आहे.”

दांडेकरांनी रिकाम्या बाटल्या पिशवीत ठेवल्या. मग म्हणाले, “दुरुस्ती छापा. जागा बदलेल. पण एकदा छापलेलं नाव बदलता येत नाही, हिंमतराव. नियमच आहे तसा.”

दुसऱ्या दिवशी दोघं उंद्रीला गेले. मंजुळाबाईनं स्वतः फावडं मारलं. किडे पळाले. दांडेकर गुडघ्यांवर बसून पोरासारखे हसले.

“याचं नाव काय ठेवलं जी?” तिनं पाहुण्यांना विचारलं. त्यांनी हिंमतरावांकडं पाहिलं.

“सातपुड्याचं ठेवलं, आई.”

“उंद्रीचं काऊन नाही ठेवलं?”

हिंमतरावांची मान वर होईना. “मले लाज वाटली, आई. उकिरड्याची. अन् सत्काराच्या दिवशी... तुही बी लाज वाटली.”

मंजुळाबाईनं फावडं भिंतीला टेकवलं. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला तांब्या आणायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.