अंबादासची कांडी

समस्त सोलापूरकर, अक्कलकोटकर आणि जिथून पुढं दुकानांच्या पाट्या कन्नड बोलू लागतात तिथपर्यंतच्या तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, एका संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिमचे जनक, आद्य व अंतिम अभियंते श्री. अंबादास यांचे निधन झाले असून, या सिस्टिमच्या जगभरातल्या वापरकर्त्यांची संख्या एका फटक्यात निम्म्यावर आली आहे. एकूण वापरकर्ते दोन होते. उरलेला मी, आणि मला ती कधीच चालवता आली नाही. बाजारपेठा नेहमीप्रमाणे सुरू राहतील.

अंबादास असता तर एवढ्यावरच म्हणाला असता, "गप बे, नाटक्या." शाळेपासून त्यानं मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली नाही. मी गॅदरिंगमध्ये राजा व्हायचो आणि तो पडद्यामागं दोरी धरून उभा राहायचा. त्यानं दोरी सोडल्याशिवाय राजाला बाहेर येता यायचं नाही, हे त्याला माहीत होतं. त्याचा फायदा त्यानं एकदाच घेतला, पण भरपूर घेतला.

पाच आठवडे झाले. नवी पेठेतल्या दुकानात मी एका बाईंना आठवा टॉवेल उलगडून दाखवत होतो, तेवढ्यात एमआयडीसीतून त्याच्या कारखान्यातल्या, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरचा फोन आला. "अंबादासअण्णा गेले. खुर्चीत बसल्या बसल्या." मी टॉवेल तसाच धरून उभा. बाईंनी विचारलं, "काय झालं हो?" मी म्हणालो, "रंग पक्का आहे." आयुष्यभर रंगमंचावर मिरवलो, आणि ऐन वेळेला तोंडातून आलं ते हे.

अंबादासचं घराणं विणकरांचं, घरात तेलुगू आणि दारात मराठी. वडील हातमागावर बसायचे. अंबादास मात्र मागावर न बसता चौकटींच्या कागदावर बसला. चादरीवरचा मोर, टॉवेलची किनार, वेलबुट्टी, सगळं आधी कागदावर चौकटी भरून काढायचं, मग ते मागावर उतरायचं. पुढं कागद गेला, कॉम्प्युटर आला, आणि अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात मालकांनी त्याला मागांच्या शेडमध्येच एक केबिन करून दिली. केबिन म्हणजे काय, तर चारी बाजूंनी काच, सुताची धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्या कायमच्या सीलबंद, आणि बाहेर मागांचा असा खडखडाट की आतला माणूस आगीची वर्दी देत असला तरी बाहेरच्यांना वाटावं, गाणं म्हणतोय. तो तिला 'डबी' म्हणायचा. "चल, डबीत बसतो," असं म्हणून जेवण आटोपून उठायचा. वीस वर्षं.

वीस वर्षं भरली तेव्हा, म्हणजे सातेक वर्षांपूर्वी, त्या डबीतून बाहेर पडायचं त्याचं पक्कं ठरलं होतं. घरी पुढच्या खोलीत स्वतःचं टेबल मांडायचं, चार कारखान्यांची डिझाइनं करायची, दुपारी आपल्याच पंख्याखाली आडवं व्हायचं. दिवाळीनंतर मालकांना सांगणार होता. मला त्यानं पुढच्या खोलीचा रंगसुद्धा विचारला होता. मी राजवाड्याला शोभेल असा जांभळा सुचवला, तेव्हापासून विचारायचं बंद केलं.

त्याच वर्षी दसऱ्याची सुट्टी संपवून तो डबीत शिरला, तर कॉम्प्युटरवर कुंकवाचं बोट होतं, झेंडूची माळ होती, आणि पडदा काळा होता. खंडेनवमीला आमच्याकडं प्रत्येक अवजाराची पूजा होते. कामगारांना सुट्टी असते, मालक घरच्यांसह येऊन एकेका मागाला हळदकुंकू वाहतात. कॉम्प्युटरही अवजारच, त्याचीही झाली होती. बटण दाबलं की मशीन घरघरायचं, इंग्रजीत एक ओळ लिहायचं आणि तिथंच अडकायचं. आत वीस वर्षांची डिझाइनं. दुसरी प्रत कुठंच नाही.

मालक दारात आले. ओरडले नाहीत, माणूस तसा सभ्य. फक्त म्हणाले, "सुट्टीच्या आधी शेवटी तूच बंद केलं होतंस ना?"

बास. एवढ्या एका प्रश्नानं अंबादास गारद झाला. कारण त्याला आठवलं, की त्या संध्याकाळी झाडलोटीची घाई होती, कुणीतरी हाक मारली, आणि मशीन पुरतं झोपायच्या आधीच आपण भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला... असावा. ओढलाच. दुसऱ्या दिवसापर्यंत त्या 'असावा'चा 'ओढलाच' झाला होता. मालक म्हणाले, "आधी डिझाइनं काढून दे. मग पुढचं बघू." शिवाय कॉम्प्युटरचा डबा खोलायला सक्त मनाई. "खोललं की गॅरंटी जाती." ती गॅरंटी गेली तेव्हा आमच्या डोक्यावरचे केस शाबूत होते. पण मनाई म्हणजे मनाई.

इथून पुढं जे घडलं ते सांगताना मला झगा आणि मुकुट हवा होता, पण साध्या कपड्यांत सांगतो. कॉम्प्युटरची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम मेली, तर बाहेरून दुसरी एखादी पेनड्राइव्हवरून चालू करायची, तिच्या मदतीनं आत शिरायचं आणि माल बाहेर काढायचा, असा एक मार्ग असतो. तयार सिस्टिमी फुकट मिळतात. पण अंबादासचं मशीन म्हातारं, मेमरी एवढीशी. आणि पेनड्राइव्ह लावायच्या खाचांपैकी एकच जिवंत, बाकीच्या सुताच्या धुळीनं बुजलेल्या. म्हणजे पेच बघा. एकाच खाचेत सिस्टिमची पेनड्राइव्ह घातली, तर डिझाइनं काढून ठेवायची पेनड्राइव्ह घालायची कुठं? उपाय एकच. सिस्टिम इतकी बारीक करायची की ती सगळीच्या सगळी त्या एवढ्याशा मेमरीत चढून बसली पाहिजे. मग पहिली पेनड्राइव्ह उपसायची आणि त्याच खाचेत दुसरी घालायची. मागावर नेमकं हेच करतात. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की ती काढून दुसरी घालायची. म्हणून त्यानं आपल्या सिस्टिमचं नाव ठेवलं कांडी.

इंटरनेटवर फुकट मिळणारी, कुणीही उसवून पुन्हा शिवावी अशी एक सिस्टिम त्यानं उतरवून घेतली आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिला रोडवायला घेतलं. आवाज काढून टाकला. प्रिंटर काढला. चित्रं काढली. एके दिवशी माउससुद्धा काढला. मी विचारलं, "आता तिला दिसतं तरी का रे?" तो म्हणाला, "दिसायचं काय काम हाय? उचलून भायेर आणायचंय, नटवायचं न्हाय." पण एका गोष्टीवर मात्र अडून बसला. पडद्यावरची अक्षरं मराठी पाहिजेत. अशा रोडक्या सिस्टिमीत मराठी फॉन्ट घातला तर ती पुन्हा फुगते. मग ह्या पठ्ठ्यानं काय करावं? चौकटींचा कागद घेतला आणि टॉवेलची किनार काढावी तशी अक्षरं एकेक चौकट भरून काढली. 'आत बघ', 'भायेर काढ', 'बंद कर'. तीनच ओळी. सांगतो, अशी वेलांटी छापखान्यातसुद्धा मिळायची नाही, जवळजवळ मोराच्या तुऱ्यासारखी.

कांडी मेमरीत चढली. कांडी उपसली, दुसरी घातली. 'भायेर काढ' म्हटलं. चार डिझाइनं बाहेर आली आणि गाडी थांबली. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. दर सुट्टीच्या वारी आम्ही बंद कारखान्यात जाऊन बसायचो, तो कीबोर्डपुढं आणि मी स्टुलावर, सोबतीला. एका सुट्टीला वॉचमननं नेहमीसारखं बाहेरून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि बहिणीकडं कुर्डुवाडीला निघून गेला. फोन केला तर म्हणतो, "अण्णा, माफ करा, तुमी आत हाय हे ध्यानातच न्हाय. संध्याकाळच्या गाडीनं येतो की." मालकांना फोन करून किल्ली मागायचा अंबादासला धीर नव्हता. भर दुपारी शेडमध्ये आम्ही दोघं, चाळीस मुके माग, आणि पाचव्या डिझाइनवर अडकलेलं मशीन. वर पत्रा तापलेला. मी जुन्या नाटकातलं तुरुंगाचं स्वगत म्हणून दाखवलं. त्यानं ऐकलंसुद्धा नाही. बोट दाताखाली धरून पडद्याकडं बघत होता. मग हळूच म्हणाला, "नाटक्या, मी हितनं भायेर पडत न्हाय बे."

तो कुलपाबद्दल बोलत नव्हता.

तेवढ्यात पद्मावहिनींचा फोन आला, जेवायला का आला नाहीत म्हणून. त्यानं स्पीकर लावला आणि बायकोला, जिनं आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, सगळं रडगाणं सांगितलं. डिस्कवर कुठंतरी जागा खराब झालीय, तिथं पोचलं की थांबतं. वहिनी म्हणाल्या, "थांबतं कशापायी? कुनी सांगितलं थांबायला?" अंबादास म्हणाला, "मीच सांगितलंय की. तार तुटली की माग थांबायला पायजे. न्हायतर सगळं कापड वाया जातंय." वहिनी लग्नाआधीपासून बिड्या वळतात. मागून सुपाचा आवाज येत होता. म्हणाल्या, "एमंडी, अहो, हे काय कापड हाय होय? फाटकं पान हाताला आलं म्हनून मी वळायचं थांबवते का? बाजूला टाकते, फुडं जाते. समदं झाल्यावर फाटकी पानं परत चाळते. त्यात निम्मी चांगली निघतात."

 मग अंबादासनं माझ्याकडं अशा चेहऱ्यानं बघितलं, की मी त्याला राजा समजून मुजरा केला असता. तीन पिढ्या विणकरांच्या, तुटल्या तारेला थांबणं रक्तातच. त्यानं जे शिकवलं तेच कांडी इमानानं करत होती. त्यानं तिथंच बसून काही ओळी बदलल्या. खराब जागा आली की सोड, पुढं जा, शेवटी परत येऊन बघ. आणि डिझाइनं सुटली! एकामागून एक नावं पडद्यावरून सरकायला लागली आणि तो प्रत्येकाला नावानं ओळख देत गेला, लग्नात पाहुणे उतरवून घ्यावेत तसा. संध्याकाळी वॉचमन घामाघूम होऊन आला, कुलूप काढलं. "अण्णा, उघडलंय की, चला." अंबादास जागचा हलला नाही. "अजून माझी लई मानसं आत हायेत," म्हणाला.

सगळी आली असती तर हा लेख इथं हसत संपला असता. पण एकेचाळीस आली नाहीत. फाटकी पानं तीनतीनदा चाळली, एकेचाळीस फाटकीच राहिली. मालकांनी उरलेल्याबद्दल एक शब्द काढला नाही. मी म्हणालो, "सुटलास! आता सांग आणि निघ." तर म्हणाला, "माझ्या हातनं गेली. माझ्याच हातनं यायला पायजेत. मग जातो."

आणि मग त्यानं शहरभर जुन्या चादरी शोधायला सुरुवात केली. ज्यांच्या घरी त्या कारखान्याची पंधरा-वीस वर्षांपूर्वीची चादर असेल त्यांच्याकडं जायचं, ती मागायची, भिंग लावून धागे मोजायचे आणि डिझाइन पुन्हा चौकटीत उतरवायचं. लोक चकित. एका आजींनी विचारलं, "फाटकी चादर घेऊन काय करतूस बाबा?" मी मध्ये पडून सांगितलं, "आजी, हे सरकारी काम आहे." माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांकडूनही मी सात मिळवल्या. नवी घ्या, जुनी द्या, असं एक खोटंच दवंडी पिटल्यासारखं सांगत सुटलो होतो. सहा वर्षं गेली. एकेचाळीसावं डिझाइन गेल्या उन्हाळ्यात पुरं झालं. मी पेढे घेऊन डबीत गेलो. "आता?" त्यानं काचेतून मागांकडं बघितलं. "एकदा सगळी तपासून बघतो," म्हणाला. "घाईत मागं एकदा चूक झालीय माझी..." पुढच्या खोलीला रंग लागलाच नाही. सुटायचं म्हणजे पाय कुठून उचलायचा, हेच तो विसरला होता, असं मला वाटतं. किंवा असं समजून मी माझी समजूत घालतो.

दिवसकार्य झाल्यानंतर मालक भेटायला घरी आले. नाव लिहीत नाही. माणूस वाईट नाही, आणि टॉवेल मी त्यांचेच विकतो. सतरंजीवर बसले, पाणी घेतलं, पंख्याकडं बघत राहिले. वहिनी आत गेल्या आणि एक जाड फाइल घेऊन आल्या. त्यात एकेचाळीस डिझाइनांचे चौकटींचे आलेख होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात अंबादासच्या बारीक अक्षरात चादर कुणाच्या घरून मिळाली त्याचं नाव. फाइल त्यांनी दोन्ही हातांनी मालकांपुढं ठेवली. "हे तुमचं हाय. त्यांच्या हातनं गेलेलं समदं भरून दिलंय. शेवटपर्यंत त्याचाच घोर होता त्यांना. आता त्यांच्या नावावर काय चूक ऱ्हायली न्हाय ना? तेवढं तुमच्या तोंडानं सांगा."

मालकांनी पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसऱ्याला हात थांबला.  मालकांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि खोलीत बसलेल्या आठ-दहा माणसांसमोर ते एकदम ओरडल्यासारखे बोलले,

"वहिनी, त्यानं काय केलंच नव्हतं हो! खंडेनवमीला कॉम्प्युटर मीच चालू केला आणि नारळ त्याच्यावरच फोडला होता, पाणी सगळं आत गेलं की!"