बारदानात शिवलेल्या टाक्या

भिवंडीतली ती घटना विसरावी असं निवृत्तीनंतर कितीदा वाटलं, पण नाही विसरता आली. नव्वदीच्या सुरुवातीचा काळ. मी तिथल्या पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. दुपारी फोन आला, गोदामात गॅस सुटलाय आणि एक हमाल गेलाय. जीप नेहमीप्रमाणे धक्का मारूनच सुरू झाली.

आम्ही पोचलो तेव्हा गोदाम रिकामं केलेलं होतं. तरी डोळे चुरचुरत होते, घसा खरवडल्यासारखा झाला होता. हमाल आतल्या कोपऱ्यात पालथा पडला होता, तोंडावर ओला गमछा. अंबाडी गावाकडचा माणूस, तिशीतला. भातकापणी उरकली की भिवंडीत टोळीबरोबर माल उतरवायचा. टोळीतले बाकीचे बाहेर पळाले होते आणि वाचले होते.

ट्रान्सपोर्टचा मालक आमच्या आधीच हजर होता. त्याने विचारायच्या आत सांगून टाकलं, "साहेब, पिऊन झोपला होता कोपऱ्यात. शुद्धीत असता तर पळाला नसता का? और माल में क्या है, हमको क्या मालूम? पार्टी देते, आम्ही पोचवतो." दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हेच छापून आलं, दारूच्या नशेत हमालाचा मृत्यू. मृत माणसाची इतकी स्वस्त बदनामी मी दुसरी पाहिली नाही.

त्याची बायको ठाण्यात आली. रडली नाही. म्हणाली, "साहेब, त्यांनी दारूचा कधी वास बी घेतला न्हाय. गावात लोक माज्या तोंडावर बोलतात. पोरीला शाळेत चिडवतात. तुमी खरं काय हाय त्ये लिवा." तोवर आमच्याकडे आकस्मिक मृत्यूची नोंद झाली होती, एवढंच. वरिष्ठांचं मत होतं की कागद तिथेच मिटवावेत.

गोदामातून जप्त केलेली टाकी क्लोरीनची निघाली, कापड ब्लीच करायला वापरतात तो विषारी वायू. नियमाप्रमाणे अशा टाकीवर वायूचं नाव आणि धोक्याची खूण दिसली पाहिजे. त्या काळी तिच्या गळ्यात कवटीचं चित्र असलेला पत्रा तारेने बांधत. या टाकीला पत्रा नव्हता, आणि ती मानेपर्यंत बारदानात शिवलेली होती.

टोळीच्या मुकादमाचा जबाब घेतला. "आमी टाकी म्हनून उतरवलीच न्हाय, साहेब. गोल, जड, मानसाएवढी लांब, वर बारदान. आमाला वाटलं लूमचा बीम हाय, सूत गुंडाळलेला. बीम उतरवतो तसा फळीवरनं लोळवला. निसटला, त्याचं तोंड दगडावर आपटलं आन् गॅस सुटला. खोपडीवाला माल असता तं आमच्या टोळीनं हात लावला नसता."

"मग तो कोपऱ्यात का झोपला?"

"झोपला न्हाय, साहेब! वरडत व्हता, खाली बसा रे, खाली बसा!"

मला हे कळायला वेळ लागला नाही. भिवंडीत गोदामांना आगी लागायच्या, त्यामुळे हमालांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. धूर वर चढतो, म्हणून गमछा ओला करायचा आणि जमिनीलगत पडून श्वास घ्यायचा. पण क्लोरीन हवेपेक्षा जड. तो जमिनीवरच साचतो. त्या माणसाने जन्मभर शिकलेलं केलं आणि सोबत्यांनाही तेच करायला ओरडून सांगितलं. ज्यांनी ऐकलं नाही ते जगले. शवविच्छेदनात दारूचा थेंब निघाला नाही.

खबर दिली गोदामासमोरच्या पानवाल्याने. "साहब, मेरा नाम मत लेना. हादसे से एक दिन पहले गाड़ी यहीं खड़ी थी. टंकी पीली थी, उस पे बोरा सी रहे थे. सेठ खुद खड़ा था."

ड्रायव्हरला आणलं. चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. माझा अनुभव असा, की माणसाला त्याच्या रोजच्या कामाबद्दल विचारावं. त्यात खोटं बोलायचं त्याच्या लक्षात राहत नाही. चहा दिला आणि विचारलं, "ब्लीचिंगवाले बारदानातला माल घेतात?"

"नाय घेत, साहेब. पत्रा नसला तर गेटवरूनच परत पाठवतात."

"मग तू काय करतोस?"

"गेटच्या अलीकडे गाडी लावतो. बारदान फाडतो, पत्रे परत बांधतो." बोलून गेल्यावर त्याने कप खाली ठेवला. पंचांसमोर सीटखालून पक्कड, तार आणि कवटीचे पत्रे निघाले. टोळी अडू नये, सुताच्या गाठींबरोबर एकाच गाडीत माल जावा, नाक्यावर कोणी विचारू नये, एवढ्यासाठी हा उद्योग. मला संताप आला होता आणि केस पक्की झाल्याचा आनंदही. आनंद जरा लवकर झाला.

कोर्टात ड्रायव्हर फिरला. मालकाला काही माहीत नव्हतं, सगळं मीच केलं, म्हणाला. त्याच्या घरची काळजी कोण घेणार हे ठरलेलं असावं. पानवाला समन्स लागायच्या आत मुलखाला गेला. ड्रायव्हरला शिक्षा लागली, मालक सुटला.

निकालानंतर मी युनिफॉर्म घालून त्या हमालाच्या गावी गेलो. चावडीवर माणसं जमवली आणि सांगितलं, तो प्यायलेला नव्हता, सोबत्यांना वाचवायला ओरडत होता. बायको पदर सावरून मागे उभी होती. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग मालक आत हाय का, साहेब?"

"नाही. सुटला."

म्हातारा उठता उठता म्हणाला, "पिला नसता तं मालक कसा सुटला असता?" त्याच्यामागे सगळे उठले.

कायद्यावर लोकांचा विश्वास नसतो असं आम्ही पोलीस म्हणत असतो. त्या दिवशी कळलं की असतो, आणि तोच तिला नडला. पत्रे गेटवर बांधले जात, कारण तिथे माल परत पाठवणारा माणूस उभा असे. हमालाला माल परत पाठवता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी बारदान. मी जीपमध्ये बसत असताना त्याची बायको जवळ आली. म्हणाली, "साहेब, आता पोरीला मी काय सांगू?"