तट फोडणारा शत्रू

शर्कातच्या माणसाला मातीतली कच्ची वीट डोळे मिटून सापडते, हे आमच्या मोसुलमध्ये कुणालाही विचारा. शेजारच्या अशूर या प्राचीन नगराच्या ढिगाऱ्यांत त्या गावाच्या चार पिढ्यांनी कुदळ चालवली आहे. त्यांतलेच अबू सत्ताम. चाळीस वर्षं त्यांनी देशोदेशीच्या विद्यापीठांना अश्शूरी भिंती शोधून दिल्या. त्या भिंतींवर जाडजूड पुस्तकं निघाली, लोक प्राध्यापक झाले. त्या पुस्तकांत माती वाहणाऱ्या गाढवांचेसुद्धा फोटो आहेत. अबू सत्ताम यांचं नाव मात्र एकातही नाही.

मला त्याची चीड यायची आणि मी गप्प बसायचो. गप्प बसण्यात मी पटाईत आहे. मी शाळामास्तर, सुट्टीत मोसुललगतच्या प्राचीन निनेवे नगराच्या तटावर खोदणाऱ्या एका परदेशी विद्यापीठाचा दुभाषा व्हायचो.

ज्या वर्षीची ही गोष्ट, तेव्हा प्रमुख होता डॉक्टर वेलेन आणि भिंती शोधायला होते अबू सत्ताम. हंगाम संपायला आठ दिवस उरले होते आणि त्याला वेशीची फरसबंदी हवी होती. मध्ये मातीचा मोठा थर आडवा आला.

"हा पडझडीचा ढिगारा आहे. कापून काढा," त्याने हुकूम सोडला.

अबू सत्ताम दुसऱ्या दिवशी उजाडतानाच तिथे गेले, मलाही ओढून नेलं. त्यांनी मातीवर पाणी शिंपडलं आणि उकिडवे बसून राहिले. वीट आणि दरज एकसारख्या वाळत नाहीत. हळूहळू मातीवर चौकोन उमटले, ओळीने, एकावर एक. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टर चहा-नाश्ता आटोपून आला तोवर ऊन चढलं होतं आणि सगळं पुन्हा एकरंगी झालं होतं.

"मास्तर, सांग त्याला," अबू सत्ताम म्हणाले. "हा ढिगारा नाही, उभा तट आहे! आंधळासुद्धा हात लावून सांगेल. याला कापेल तो गाढव. अगदी असंच सांग हं, साखर घालू नकोस."

भोवती वीस मजूर उभे होते. पाहुण्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे आमच्या हाडीमासी भिनलेलं. मी साखर घातली. "यांना किंचित शंका आहे," मी डॉक्टरला म्हणालो. "जमलं तर उद्या सकाळी एकदा बघाल का?"

"उद्याला वेळ कुठे आहे?" तो हसला. "म्हाताऱ्याला सांग, काळजी करू नकोस."

"काय म्हणाला?"

"विचार करूनच ठरवलंय म्हणाला."

अबू सत्ताम यांनी कुदळ खाली ठेवली. दुपारी भाकरीला हात लावला नाही. संध्याकाळी उठून म्हणाले, "दुसऱ्या कुणाला हे काम देऊ नको म्हणावं त्याला. कापायचाच आहे तर मी कापतो. निदान नीट कापला जाईल."

तीन दिवस ते कापत होते. खाली फरसबंदी नव्हतीच. दोन्ही बाजूंना मात्र विटांचे थर उघडे पडले, इतके स्वच्छ की त्यांतला पेंढासुद्धा दिसत होता. डॉक्टर बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता तरी म्हणेल, चुकलो. एक शब्द! त्याने फोटो काढायला सांगितलं आणि तंबूत निघून गेला.

वर्षाने अहवाल आला. त्यात होतं: या ठिकाणी तटाला खिंडार आहे, वेढा घालणाऱ्या शत्रूने ते पाडले असावे. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शत्रू म्हणे! ओळंब्यात भिंत कापणारा, कडा थापीने साफ करून जाणारा शत्रू! शिकल्यासवरल्या माणसाला हे लिहिताना लाज वाटली नाही? आणि मी काय केलं? अहवाल कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

पुढे कुणीतरी त्याच अहवालावरून तिथे पाटी लावली. ईदला अबू सत्ताम मोसुलला लेकीकडे आले होते. मला म्हणाले, "चल, माझी भिंत बघून येऊ." त्यांना वाचता येत नाही. पाटीसमोर उभे राहून म्हणाले, "काय लिहिलंय? आणि या वेळी साखर नको."

मी वाचलं. "येथे शत्रूने तट फोडला."

त्यांनी पाटीवर हात फिरवला. मग म्हणाले, "शत्रूचं नाव दिलंय?"

"नाही."

"मग माझं लिही. चाळीस वर्षांत कुठल्या पुस्तकात आलं नाही, इथे तरी येऊ दे."

ते हसले आणि कुदळ धरून घट्टे पडलेल्या बोटाने पाटीखालची मोकळी जागा दाखवली. मी पेन काढलं. पाटीच्या खाली डॉक्टर वेलेनचं नाव लिहिलं. त्याच्याखाली माझं लिहिलं.

"लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं," मी म्हणालो.