हसूनका काकांचा पसंतीक्रम

आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ आहे. मालकांचं खरं नाव पाटीवर लिहिलेलं आहे, पण ते आजवर कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. प्रवेशअर्जावरच्या फोटोत दात दिसलेले चालत नाहीत, म्हणून गेली तीस वर्षं ते स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला "हसू नका" म्हणत आलेत. पोरांनी त्यांचं नावच पाडलं, हसूनका काका. त्यांना ते ठाऊक आहे. फोन उचलला की स्वतःच म्हणतात, "हां, हसूनका बोलतोय."

काकांचं शिक्षण दहावीपर्यंत, तेही त्यांच्याच शब्दांत "ढकलत ढकलत". स्टुडिओ वडिलांचा. पूर्वी मागे रंगवलेला धबधबा आणि पुढे अवघडून बसलेले नवरा-नवरी असायचे. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. नवरा-नवरी यायचे बंद झाले, धबधबा गुंडाळून माळ्यावर गेला, आणि उरले ते ओळखपत्राचे फोटो. निकाल लागला की पोरांची रांग पार पायऱ्यांपर्यंत येते.

माणूस भयंकर चौकस. केस नीट करायला हातात कंगवा देतील आणि सुरू होतील. टक्के किती? नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच भरलंस ना? पासवर्ड कुणाकडे आहे? नेटकॅफेवाल्याकडे? मग आधी जा, बदलून ये, फोटो कुठे पळून जात नाही. शेवटच्या दिवशी अर्ज भरायला आलेल्यांचा ते फोटो काढतात, पण आधी पाच मिनिटं झाडतात. शेवटचा प्रश्न ठरलेला: कॉलेजांच्या यादीत पहिल्या नंबरवर काय टाकलंस?

एका कागदावर आठ फोटो निघतात. काका विचारतात, "एक मी ठेवू का?" नाही कोण म्हणणार? प्रवेश झाल्यावर तीच पोरं कॉलेजच्या ओळखपत्रासाठी परत येतात. तेव्हा काका तो आठवा फोटो शोधतात आणि त्याच्या मागे बारीक अक्षरात लिहितात: टक्के, मनात काय होतं, पहिलं काय टाकलं, मिळालं काय, कितव्या फेरीत. बुटांच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्यांत हे सगळं वर्षवार लावलेलं आहे. यामागे काही थोर हेतू होता का, असं मी एकदा विचारलं. "छे रे," ते म्हणाले, "मला राहवत नाही, एवढंच."

गेल्या वर्षी मी धाकट्या बहिणीला घेऊन तिथे गेलो तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. धाकटीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. ते कॉलेज घरापासून सहा तासांवर, जागा मोजक्या, आणि आदल्या वर्षी जिथे प्रवेश थांबले त्यापेक्षा हिचे टक्के एकाने कमी. मी विमा कंपनीत असल्यामुळे जोखीम या विषयावर घरात माझाच शब्द शेवटचा. मी यादी करून दिली होती. पहिलं, दहा मिनिटांवरचं कॉम्प्युटरचं कॉलेज, जे हमखास मिळणारच. जनावरं चौथ्या नंबरवर. आईबाबा म्हणाले, दादा म्हणतो तसं. धाकटीने यादी तशीच भरली. आम्ही स्टुडिओत गेलो त्याच दिवशी पाच वाजता अर्ज बंद होणार होता.

"पहिलं काय टाकलंस?" काकांनी विचारलं.

"कॉम्प्युटर," धाकटी म्हणाली.

काकांनी कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. "आणि हवंय काय?"

"ते चौथ्यावर आहे."

मी मध्ये पडलो. "काका, अवघड आहे ते. ते पहिलं टाकलं आणि नाही मिळालं, तर तोवर बाकीच्या जागा भरून जातील."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे म्हणूनच माझे डबे भरलेत," काका म्हणाले. "अरे, यंत्र टक्के बघतं. वरचं बसत नसेल तर खालच्यावर येतं. वरचं मागितलंस म्हणून ते रुसत नाही, खालची जागाही तुझ्यापेक्षा कमी टक्केवाल्याला देत नाही. पण पहिलंच मिळालं की विषय संपला. पुढच्या फेरीत बसताच येत नाही. आज हिने कॉम्प्युटर पहिलं टाकलं, तर उद्या जनावरांच्या कॉलेजात जागा रिकामी राहिली तरी हिला मिळणार नाही."

"तुम्ही दहावी शिकलेले," माझ्या तोंडून निघून गेलं. आजही आठवलं की लाज वाटते.

काका रागावले नाहीत. एक डबा घेऊन आले आणि फोटो पालथे मांडू लागले. चेहरे ते कुणाला दाखवत नाहीत. तीन फोटो हिच्याच टक्क्यांचे, त्याच कॉलेजचे. एकाला मिळालं नव्हतं, त्याला दुसरं कॉलेज मिळालं. दोघांना मिळालं होतं, एकाला दुसऱ्या फेरीत, एकाला तिसऱ्या. मग ते थोडे घुटमळले आणि दहा वर्षांपूर्वीच्या डब्यातून आणखी दोन काढले.

पहिल्यामागे लिहिलं होतं: मनात वास्तुरचना. पहिलं टाकलं वाणिज्य. मिळालं वाणिज्य. आणि खाली, कसं वाटतंय विचारलं, म्हणाला ठीक आहे.

दुसऱ्यामागे त्याच वर्षाचं होतं. टक्के पहिल्यापेक्षा दोन कमी. पहिलं टाकलं वास्तुरचना. मिळालं.

"हा दुसरा कोण, ते सांगणार नाही," काका म्हणाले. "पहिला उलटून बघ. तुझाच आहे."

मला बघायची गरज नव्हती. अठराव्या वर्षी मी घरांचे नकाशे काढून वह्या भरायचो. हमखास मिळेल तेच मागायचं, हे शहाणपण तेव्हा मला शिकवणारं कुणी नव्हतं, मी ते आपणच शिकलो होतो, आणि आता तेच धाकटीच्या गळ्यात बांधत होतो. मला काकांचा राग आला, त्या दुसऱ्या फोटोवाल्याचा आला, आणि मग स्वतःचंच वाईट वाटलं.

"पाचला पन्नास मिनिटं आहेत," काका म्हणाले. त्यांनी आपला कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवला.

जनावरांचं कॉलेज मीच उचलून वर नेलं. एकदा खात्री केली, अर्ज पक्का केला आणि त्याची प्रत काढून घेतली. मग त्या प्रतीवर चिकटवायला काकांनी धाकटीचा फोटो काढला. त्यांना चारदा "हसू नका" म्हणावं लागलं.

पहिल्या फेरीत तिला कॉम्प्युटरच मिळालं, यादीतला दुसरा पर्याय. म्हणजे मी ज्याला घाबरत होतो ती जागा कुठेही गेली नव्हती. काकांच्या सांगण्यावरून आम्ही ती राखून ठेवली आणि वरच्यासाठी थांबलो. ते बारा दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. धाकटी मात्र शेजारच्या कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधण्यात दंग.

दुसऱ्या फेरीचा निकाल लागला तेव्हा मी ऑफिसात होतो. फोन आला.

"दादा, मिळालं."

"कुठलं?"

"पहिलं."

मी उठून नळाशी गेलो आणि तोंडावर पाणी मारत राहिलो. मोठे साहेब घाबरून मागे आले. "काय रे, घरी कुणाला काही झालं का?"

"नाही साहेब. बहिणीला जनावरांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला."

"मग रडतोस कशाला?"

"तिने जे मागितलं होतं ना साहेब," मी म्हणालो, "तेच मिळालं."